फोनजवळची वही आणि धंद्याची वेबसाइट

वेबसाइट करायची ठरली की पहिला फोन ती बनवून देणाऱ्याला जातो आणि तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘किती पानांची करायची?’ लग्नपत्रिका छापताना हा प्रश्न ठीक आहे. इथे त्याआधी पंधरा दिवसांचं एक काम आहे आणि त्याला फक्त एक वही लागते.

ती वही दुकानाच्या फोनजवळ ठेवा. चार रकाने आखा: विचारणारा नवा की जुना, त्याने काय विचारलं, आपण काय सांगितलं, पुढे काय झालं. पुढे म्हणजे आला, ऑर्डर दिली, की ‘कळवतो’ म्हणून गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्नही त्यातच उतरवा. दुसऱ्या रकान्यात प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा, त्यात तडजोड नको. गिऱ्हाईक ‘बँक्वेट सुविधा उपलब्ध आहे का’ असं विचारत नाही. ते विचारतं, ‘डोहाळजेवण आहे, साठ बायका बसतील ना? आणि पंखे आहेत का?’ गूगलवर शोधतानाही त्याचे शब्द साधारण असेच असतात.

पंधरा दिवसांनी वही वाचली की धंद्यागणिक वेगळं चित्र दिसतं. नाशिकचीच उदाहरणं घ्या. मळ्यातल्या मिसळीच्या हॉटेलात विचारतात: सोमवारी चालू असतं का, दुपारी किती वाजेपर्यंत मिळते, बस लावायला जागा आहे का, जैन मिळेल का. पंचवटीतल्या लॉजला विचारतात: रामकुंड चालत किती लांब, एका खोलीत पाच जण चालतील का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि हमखास, ‘नाशिकरोड स्टेशनवरून कसं यायचं?’ बाहेरगावच्या माणसाला स्टेशन म्हणजेच गाव वाटतं. मधले नऊ-दहा किलोमीटर त्याच्या हिशेबात नसतात. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या जॉबवर्कवाल्याचे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देणाऱ्याचे प्रश्न आणखी वेगळे: मशिनचं बेड केवढं, एक पीस करून द्याल का, मटेरियल तुमचं की आमचं.

आता सारखे प्रश्न एकत्र करून त्यांच्यापुढे काठ्या मारा. सहसा सहा-सात प्रश्नांपुढेच काठ्यांची गर्दी होते. तुमच्या वेबसाइटचा मजकूर म्हणजे या सहा-सात प्रश्नांची उत्तरं, काठ्यांच्या क्रमाने. ‘आमच्याविषयी’, ‘आमचे ध्येय’, ‘आमची दूरदृष्टी’ हे वहीत एकदाही आलेलं नसतं. तरी बहुतेक वेबसाइटींवर सगळ्यात वर तेच असतं, हात मिळवणाऱ्या दोन अनोळखी परदेशी माणसांच्या फोटोसकट.

एक साइट, एक काम

वहीचा चौथा रकाना दुसऱ्या कामाचा. गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोहोचतं तेव्हा नेमकं काय करतं? मिसळवाल्याकडे ते येऊन बसतं. लॉजवाल्याला फोन करून खोली धरतं. जॉबवर्कवाल्याला ड्रॉइंग पाठवतं. बेदाणे किंवा पैठणी विकणाऱ्याकडे ते पैसे भरतं. यातली एकच गोष्ट तुमच्या साइटचं मुख्य काम म्हणून निवडा आणि पहिल्या पडद्यावर तिचंच एक ठसठशीत बटण ठेवा. बाकी सगळं खाली.

चार बटणं शेजारीशेजारी ठेवली की माणूस एकही दाबत नाही. ‘फोन करा’, ‘फॉर्म भरा’, ‘माहितीपत्रक उतरवून घ्या’, ‘इन्स्टाग्रामवर या’ हे सगळं एका ओळीत असेल, तर त्यातलं शेवटचं तर उलटंच काम करतं: दारात आलेल्या गिऱ्हाइकाला समोरच्या जत्रेचा रस्ता दाखवतं. सोशल मीडियाकडून साइटकडे माणसं आणायची असतात. साइटवरून तिकडे पाठवायची लिंक पार तळाशी बारीक अक्षरात पुरे.

पहिला पडदा

मजकूर स्वतः लिहा, आणि मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. संगणकावर चार ओळींत बसणारा परिच्छेद मोबाइलवर बारा ओळींचा होतो, हे लिहितानाच कळतं. पहिल्या पडद्यावर, म्हणजे बोटाने वर न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात, पाच गोष्टी बसल्या पाहिजेत: काय मिळतं, कुठे, कधी, साधारण किती रुपयांत, आणि पुढे काय करायचं.

‘चविष्ट परंपरेचा अस्सल अनुभव’ या ओळीतून यांतलं काहीच कळत नाही. ‘काळ्या मसाल्याची मिसळ, चुलीवरची. गंगापूर रोड. सकाळी ७.३० ते दुपारी ३, सोमवारी बंद. पन्नास गाड्यांची जागा’ यातून काय, कुठे, कधी हे लगेच कळतं. खाली भाव आणि बटण आलं की झालं. वाचणाऱ्याची गाडी तोवर सुरूही झालेली असते.

भाव लिहायचा की नाही, यावर हमखास वाद होतो. ‘शेजारचा बघेल’ ही भीती असते. शेजाऱ्याला तुमचा भाव केव्हाच माहीत आहे, त्याने माणूस पाठवून विचारलेला आहे. लपतो तो फक्त गिऱ्हाइकापासून. ठरलेला भाव असेल तर आकडा लिहा. कामागणिक बदलत असेल तर सुरुवातीचा आकडा आणि तो कशाने वाढतो ते लिहा: ‘दोघांची खोली १,४०० रुपयांपासून. शनिवार-रविवार आणि पर्वणीच्या दिवशी जास्त. जादा गादी २५०.’ हे आकडे नमुन्याचे आहेत, आपले टाका. भाव बघून जे फोन करत नाहीत, त्यांच्याशी वहीच्या काळात तुम्ही रोज अर्धा तास बोलत होता.

लॉज, टॅक्सी, पूजासाहित्य, पार्किंग अशा धंद्यांसाठी २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा डोळ्यासमोर ठेवून एक वेगळं पान आत्ताच करा. त्यात रामकुंडापर्यंत पायी मिनिटं, त्र्यंबकेश्वर साधारण ३० किलोमीटर, गाडी कुठवर येते, आगाऊ रक्कम परत मिळते का, हे सरळ लिहा. पर्वणीच्या दिवसांत वाहतुकीचे रस्ते बदलतात, म्हणून या पानावरची ‘आजची सूचना’ अशी एक ओळ मालकाला स्वतःच्या मोबाइलवरून बदलता आली पाहिजे. बनवणाऱ्याकडून हे लिहून घ्या. नाहीतर ऐन गर्दीत तो फोन उचलत नाही आणि साइटवर आठवड्यापूर्वीचा रस्ता राहतो.

कारखानदाराची साइट वेगळी

जॉबवर्कच्या युनिटची साइट रस्त्यावरून जाणारा माणूस बघत नाही. ती बघतो दुसऱ्या कंपनीतला परचेसवाला, म्हणजे खरेदी बघणारा, किंवा नवे पुरवठादार शोधणारा व्हेंडर डेव्हलपमेंटवाला, आणि बहुधा त्याच्यासमोर आणखी पाच युनिटांच्या साइटी उघड्या असतात. त्याला दोन मिनिटांत एवढंच ठरवायचं असतं, की या युनिटला चौकशी पाठवायची की नाही. त्याच्यासाठी सगळ्यात मोलाचं पान म्हणजे मशिनची यादी, आणि नेमकी तीच यादी ‘अत्याधुनिक यंत्रसामग्री’ या दोन शब्दांत उरकलेली असते.

यादी तक्त्यात द्या. प्रत्येक ओळीत मशिनचा प्रकार, संख्या, आणि क्षमता आकड्यात. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशिन, असेल तर तिन्ही अक्षांचा प्रवास मिलिमीटरमध्ये आणि टेबलावर किती किलो चालतं. सीएनसी टर्निंगला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथला, जास्तीत जास्त व्यास आणि लांबी. प्रेसला टन, शिअरिंग आणि बेंडिंगला (पत्रा कापणं आणि वाकवणं) लांबी आणि पत्र्याची जाडी, पावडर कोटिंगला ओव्हनची आतली मापं. शेडमध्ये क्रेन असेल तर किती टनांची. पाच टनांची क्रेन नसेल तर मोठं काम घेता येणार नाही, हे परचेसवाल्याला फोन न करता कळणं दोघांच्याही सोयीचं.

तक्त्याखाली कोणत्या धातूवर रोजचं काम चालतं ते लिहा: ईएन ८ किंवा ईएन २४ पोलाद, एसएस ३०४ स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, जे असेल ते. नियमित कोणता टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, सांभाळता तो लिहा. आठवड्यातून एकदा नशिबाने जमतो तो लिहू नका, पहिल्याच लॉटला अंगाशी येतो. मोजमापाची साधनं आणि त्यांचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत आहे, कमीत कमी किती नगांची ऑर्डर घेता, नमुना पीस किती दिवसांत देता, याच्या एकेक ओळी. आयएसओचं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये लावताना मुदत बघा. मुदत संपलेलं प्रमाणपत्र साइटवर असण्यापेक्षा नसलेलं बरं. जीएसटी क्रमांक आणि उद्यम नोंदणी क्रमांक तळाशी द्या, कंपनीत पुरवठादार म्हणून व्हेंडर कोड उघडताना ते लागतातच.

ड्रॉइंग पाठवायचा ईमेल ठळक लिहा. पीडीएफसोबत स्टेप किंवा डीएक्सएफ या प्रकारची ड्रॉइंगची फाइल चालते का, आणि कोटेशन किती कामाच्या दिवसांत मिळेल तेही लिहा. ‘२ दिवसांत’ लिहिलं तर ते पाळायला माणूस नेमा.

फोटोंबाबत एक सावधगिरी. गिऱ्हाइकाच्या पार्टचा फोटो, विशेषतः ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर दिसेल असा, त्याच्या लेखी परवानगीशिवाय लावायचा नाही. बऱ्याच करारांत गोपनीयतेचं कलम असतं आणि नवा परचेसवालाही ते बघून मनात म्हणतो, ‘उद्या आमचंही असंच टांगतील.’ मशिन, शेड, तपासणीची खोली यांचे फोटो लावा. दिवसा, दार उघडं ठेवून, फरशी झाडून काढलेले. विकतच्या चकचकीत फोटोपेक्षा तेलाचा डाग असलेलं खरं मशिन जास्त विश्वासाचं वाटतं.

बटण दाबल्यावर फोन लागला पाहिजे

हे क्षुल्लक वाटतं आणि सगळ्यात जास्त इथेच फसतं. फोन नंबर चित्रात छापलेला असेल तर तो दाबता येत नाही. लँडलाइन असेल तर लिंकच्या आत ०२५३ चालणार नाही: आधी अधिक चिन्ह, मग ९१, मग सुरुवातीचं शून्य गाळून २५३, मग नंबर. नाशिकमध्येच तपासून बघणाऱ्याला ही चूक कधीकधी कळतही नाही, परदेशातून फोन करणाऱ्याला कळते.

मराठी साइटवर आणखी एक गोम आहे. दिसायला नंबर देवनागरी आकड्यांत छान दिसतो, पण लिंकच्या आत इंग्रजी अंकच लागतात. आणि लोक नंबर उचलून डायलरमध्ये चिकटवतात, तेव्हा देवनागरी आकड्यांनी फोन लागेलच याची खात्री नसते. भाव आणि वेळा खुशाल देवनागरीत लिहा, फोन नंबर तेवढा इंग्रजी अंकांत ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक डब्ल्यूए डॉट एमई, तिरपी रेघ, ९१ आणि दहा आकडी नंबर अशी बनते. मध्ये अधिक चिन्ह, शून्य, जागा, डॅश काहीही नको. लिंकच्या शेवटी आधीच लिहिलेला संदेश जोडता येतो, तो जोडाच: ‘वेबसाइटवरून विचारतोय: तारीख, माणसं किती?’ असा. माणसाला फक्त रिकाम्या जागा भरायच्या राहतात आणि हा निरोप साइटवरून आला हे तुम्हाला आपोआप कळतं.

नकाशाची खूण स्वतः जागेवर उभं राहून तपासा. औद्योगिक वसाहतीत खूण बऱ्याचदा प्लॉटच्या मागच्या रस्त्यावर पडते आणि ट्रक बंद गेटपुढे उभा राहतो. पत्त्याखाली एक ओळ खुणेची हवी, आणि ती नाशिककर सांगतात तशी: पपया नर्सरीच्या अलीकडे की पलीकडे, द्वारकेकडून येताना डाव्या हाताला की उजव्या.

मराठी मजकूर मराठीच राहू द्या

दुकानाचं जुनं माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडे असतं आणि मजकूर त्याच्याकडूनच घ्यायचा मोह होतो. तो जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असेल, तर साइटवर चिकटवताच इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, मराठी दिसते ती फक्त फॉन्टमुळे. मग बनवणारा शॉर्टकट मारतो आणि अख्ख्या पानाचं चित्र करून लावतो. डोळ्याला पान ठीक दिसतं. पण त्यातला मजकूर शोधात भरवशाने सापडत नाही, मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं होतं, आणि भाव बदलायचा तर पुन्हा डीटीपीवाल्याच्या दारात. कन्व्हर्टर वापरून तो यूनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्याच संकेतांत आणा, मग एकदा डोळ्यांनी वाचा: रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. थोडाच मजकूर असेल तर मोबाइलवर बोलून टाइप करणं जास्त झटपट होतं.

फॉन्ट मोफत आणि चांगले आहेत: ‘मुक्त’, ‘बालू’, ‘नोटो सान्स देवनागरी’. देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून साधं आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त, १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. आणि इंग्रजी शीर्षकांसाठी डिझाइनवाले अक्षरांमध्ये अंतर वाढवतात, ते मराठीत शून्य करायला सांगा. नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदलेली असावी. तयार टेम्पलेटमध्ये ती इंग्रजीच राहून जाते आणि अंध वाचकाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी मजकूर भलत्याच भाषेसारखा वाचायला जातं.

मराठी की इंग्रजी, याचं उत्तर वहीतच आहे. प्रश्न ज्या भाषेत आले त्या भाषेत उत्तरं. मिसळवाल्याला मराठी आणि थोडी इंग्रजी, कारखानदाराला इंग्रजी, लॉजवाल्याला हिंदीही. आपोआप भाषांतर करणारं बटण लावून सुटका करून घेऊ नका. त्यातून ‘पाव जादा’चं काय होतं ते एकदा स्वतः वाचा.

कागद कोणाच्या नावावर

दुकानाचा गाळा जसा आपल्या नावावर असतो, तसं डोमेनही, म्हणजे साइटचं नाव. खरेदी करताना नोंदणीतलं नाव, ईमेल आणि मोबाइल मालकाचा हवा. बनवणाऱ्याचा नको, भाच्याचा नको. ‘मी घेऊन देतो, पॅकेजमध्ये आहे’ असं सांगितलं तरी लॉगिन आपल्याकडे घ्या. डॉट कॉम किंवा डॉट इनला वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये पडतात. जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेत, तर दुसऱ्या वर्षी आकडा दुप्पट-तिप्पट होणं नेहमीचं.

मुदत संपली तर साइट आणि त्या नावावरचे ईमेल दोन्ही बंद पडतात. डॉट कॉमला मुदतीनंतर थोडे दिवस सवलतीचे मिळतात, मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो आणि त्यात नेहमीच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. तोही गेला तर नाव बाजारात मोकळं. आपोआप नूतनीकरण लावा, आणि कार्डाची मुदत संपली की ते चुपचाप फसतं म्हणून कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवणही टाका.

दुसऱ्याच्या जागेवर फुकट घर बांधण्याचं काय होतं, हे २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून एका क्लिकवर बनणाऱ्या मोफत वेबसाइट गूगलने त्या वर्षी मार्चमध्ये बंद केल्या. पाट्यांवर, बिलांवर, रिक्षांच्या मागे छापलेले पत्ते निकामी झाले. नाव स्वतःचं असतं तर मागची व्यवस्था बदलून पत्ता तोच ठेवता आला असता.

काम पूर्ण झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी घ्या: डोमेनचं लॉगिन, होस्टिंगचं लॉगिन, साइटच्या आतलं मुख्य लॉगिन, बॅकअपची फाइल, आणि मूळ फोटो. हप्ता दिल्यावर मागितलं तर ‘पाठवतो’ हे उत्तर येतं.

चौकशीचा फॉर्म कुठे जातो

फॉर्म भरला, ‘धन्यवाद’ दिसलं, आणि निरोप कुणालाच मिळाला नाही: हे इतकं सर्रास घडतं की फोनचं बटण असताना छोट्या दुकानाला फॉर्म नकोच. कारखानदाराला मात्र लागतो. होतं असं, की साइटचा सर्व्हर ‘मी गिऱ्हाइकाच्या जीमेलवरून पाठवतोय’ असं सांगून मेल पाठवतो. घेणाऱ्याची यंत्रणा तपासते, तो सर्व्हर त्या नावाने पाठवायला अधिकृत नसतो, मेल स्पॅममध्ये जातो किंवा वाटेतच टाकला जातो.

उपाय ठरलेला आहे. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा ठेवा, ‘उत्तर द्या’च्या रकान्यात गिऱ्हाइकाचा पत्ता घाला, मेल एसएमटीपीतून, म्हणजे आपल्या मेल खात्याच्या सर्व्हरमधून, लॉगिन करून पाठवायला सांगा, आणि डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन ओळी घालून घ्या, मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे घेणाऱ्याला त्यांवरून कळतं. फॉर्ममध्ये नाव, फोन, काय हवंय, फाइल, बस्स. शिवाय प्रत्येक निरोपाची प्रत साइटच्या आतही साठली पाहिजे, मेल हरवला तरी चौकशी हरवत नाही.

वजन आणि गूगल

मोबाइलने काढलेला फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे चढवले की पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. रुंदी १,२०० पिक्सेलवर आणा, वेबपी प्रकारात साठवा, एक फोटो १५० केबीच्या आत बसवा. आपोआप सरकणारी चित्रांची पट्टी काढून टाका. दुसरं चित्र बघायला कुणी थांबत नाही, ओझं मात्र सगळ्यांचं. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचाच निकष आहे. पेजस्पीड इनसाइट्सवर तो मोफत तपासता येतो. त्याहून सोपी परीक्षा: वायफाय बंद करा, दहा हजारांचा मोबाइल घ्या, पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहा आणि साइट उघडा.

पत्त्याआधी कुलूप किंवा सुरक्षिततेची खूण यावी यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळतं. त्याचे वेगळे पैसे मागितले तर ‘कशाचे’ हे विचारा.

साइट सुरू होऊन महिना झाला तरी स्वतःच्या नावानेही सापडत नसेल, आणि ती वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल, तर आधी त्याच्या रीडिंग सेटिंगमध्ये जा. ‘सर्च इंजिनांना ही साइट घेऊ देऊ नका’ अशा अर्थाची एक चौकट असते. काम चालू असताना बनवणारा तिथे बरोबरची खूण करतो आणि नंतर काढायला विसरतो. ती काढा, मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइट जोडून साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या. ‘पहिल्या नंबरला आणतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी ही खूण बघा. कित्येकदा त्याचं पहिलं काम एवढंच असतं.

जवळपास शोधणारा माणूस आधी नकाशावरचं बिझनेस प्रोफाइल बघतो. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली जागा आणि तुम्ही शटरचं कुलूप उघडताना, सलग, न कापता. नावाच्या रकान्यात पाटीवरचं नाव तेवढंच लिहा. ‘नाशिकची नंबर वन’ वगैरे शेपूट नियमाबाहेरचं आहे, त्यावरून प्रोफाइल बंद पडू शकतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणंही तसंच. प्रोफाइल, साइट आणि बिलबुक या तिन्हींत नाव, पत्ता, फोन आणि वेळा एकसारख्या ठेवा. दिवाळीच्या सुट्ट्या प्रोफाइल आणि साइट दोन्हीकडे घालायच्या. बंद शटरपुढे गाडी लावून उभा राहिलेला माणूस रिव्ह्यू लिहायला मोकळाच असतो.

ऑनलाइन विकायचं असेल तर

घाई करू नका, आधी कुरिअरचा हिशेब करा. हलका आणि फुगीर माल असेल तर कुरिअरवाले आकारमानाचं वजन लावतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. चिवड्याचं १ किलोचं खोकं ३० बाय २५ बाय २० असेल तर ते १५,००० भागिले ५,०००, म्हणजे ३ किलो. पैसे तीन किलोचे. तेच १ किलो बेदाणे छोट्या डब्यात एका किलोतच बसतात. ताजी द्राक्षं तर या वाटेला पाठवूच नका. शहरातल्या शहरात, सकाळी तोडून दुपारी पोच, एवढंच जमतं, आणि तेही हंगामात.

पॅकबंद माल साइटवर दाखवताना एमआरपी, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. खाण्याच्या मालाला अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक. राज्याबाहेर माल विकायचा तर जीएसटी नोंदणीबद्दल आधी सीएशी बोला, उलाढालीची मर्यादा तिथे सहसा मदतीला येत नाही. साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणारे पेमेंट गेटवेवाले अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क ही चार पानं असल्याशिवाय खातं सुरू करत नाहीत. शुल्क साधारण २ टक्के, वर जीएसटी. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डर असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आणि यूपीआय एवढंच पुरतं. गाडा चालल्यावर गाळा घ्यावा.

महिन्याचा अर्धा तास

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, शक्यतो दुसऱ्याच्या मोबाइलवरून: फोनचं बटण दाबा, व्हॉट्सअ‍ॅपचं दाबा, नकाशा उघडा, फॉर्म भरून निरोप येतो का बघा, भाव आणि वेळा वाचा. वर्डप्रेस असेल तर आधी बॅकअप, मग अपडेट. न वापरलेले प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेली जादा सॉफ्टवेअरं, नुसते बंद करू नका, काढून टाका. चोर बहुधा तिथूनच शिरतो आणि गूगलवर तुमच्या नावाखाली भलत्याच भाषेतली औषधांची जाहिरात दिसायला लागते.

किती लोकांनी साइट बघितली हा आकडा मनाला बरा वाटतो, कामाला येत नाही. नव्या गिऱ्हाइकाला ‘नंबर कुठून मिळाला?’ एवढं विचारा आणि वहीत खूण करा.

तीन महिन्यांनी पुन्हा पंधरा दिवस सगळे प्रश्न उतरवा. जो प्रश्न थांबला, त्याचं उत्तर साइटवर नीट बसलंय. जो उत्तर असूनही येतोच आहे, त्याची जागा चुकली आहे किंवा शब्द, म्हणून ते उत्तर वर आणा, विचारणाऱ्याच्या भाषेत लिहा. नवा प्रश्न दिसला तर त्याला जागा करा आणि त्यासाठी एक जुना परिच्छेद काढा. यासाठी नवी वही आणू नका. जुन्याच वहीत मागच्या पानांपासून उलटं लिहीत या, म्हणजे दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवता येतात.